वेणीमाधवाचं विलायती अळू

वेणीमाधव वाईट माणूस नव्हता, हौशी होता. हौसेला मोल नाही म्हणतात ते साफ खोटं. मोल असतं, फक्त ते दुसऱ्याच्या मानेवर बसतं.

आम्ही दोघं सोलापुरात एकाच गिरणीच्या कचेरीत कारकून, घरंही शेजारीशेजारी. एकोणीसशे एकोणतीस साली आमचा गोरा साहेब मायदेशी निघाला आणि वेणीमाधवाला एक कुंडी देऊन गेला. पानं काळीकुट्ट, शिरा पांढऱ्याधोट. हे कुणी तोंडात घालू नका, विष आहे, असं त्यानं मोडक्या हिंदुस्थानीत दोनदा बजावलं. मी तिथंच उभा होतो.

सोलापूरचं ऊन म्हणजे तापला तवा. पण या पठ्ठ्यानं झाड माजघरात जगवलं. भोवती ओलं गोणपाट, पानं रोज ओल्या फडक्यानं पुसायची. पाणी कोण आणायचं? प्रेमला, त्याची विधवा बहीण, त्याच्याच आसऱ्याला असलेली. "दादा, हे कसलं रे झाड?" तिनं माझ्यादेखत विचारलं.

"विलायती अळू," हा म्हणाला. विष म्हटलं असतं तर कुंडी त्याच दिवशी उकिरड्यावर गेली असती. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि मी नंदीबैलासारखी मान हलवली.

भाद्रपदात त्यांच्या वडिलांचं श्राद्ध आलं. पावसानं दगा दिलेला, मंडईत अळू नाही, आणि श्राद्धाला अळूच्या वड्या तर हव्यातच. वेणीमाधव भटजींना आणायला गेला होता. काळं अळू वडीला उत्तम, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. प्रेमलानं कुंडीतली चार पानं कापली. श्राद्धाचा स्वयंपाक चाखायचा नसतो, म्हणून तिनं जिभेला लावूनही पाहिलं नाही. वेणीमाधव आला तो थेट विधीला बसला, माजघरात डोकावलाच नाही.

पहिली वडी भटजींनी खाल्ली. दुसरीला हात घालता घालता त्यांनी गळा धरला. जीभ सुजली, लाळ गळायला लागली, शब्द फुटेना. मी धावत डॉक्टर आणला म्हणून जीव वाचला. पण ज्या आवाजावर त्यांचं पोट होतं, तो कायमचा गेला.

गल्ली गोळा झाली. सगळे प्रेमलाकडे पाहत होते, मी वेणीमाधवाकडे. तो म्हणाला, "हिनं काय शिजवलं, मला काय ठाऊक?"

मग तिच्या हातचं पाणीही कुणी घेईना. आठवड्याच्या आत त्यानं तिला बार्शीला दिराकडे धाडलं, आणि तो दीर तिला दारात उभं करत नव्हता, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. स्टेशनवर पोचवायला मीच गेलो. भाऊ आला नाही.

"गंगाधरभाऊ," डब्यात बसल्यावर ती म्हणाली, "दादावर राग धरू नका. त्या साहेबानं मेल्यानं एका शब्दानं तरी सांगायला हवं होतं की."

"हो, सांगायला हवं होतं त्यानं," मी म्हणालो.