न वाजणारे पाय

माझ्या धाकट्या जावेचं भिंगरी हे नाव सासूबाईंनी ठेवलं, ते कौतुकानं नव्हे. "एका जागी बसेल तर शपथ," असं त्या म्हणायच्या. आता त्यांनीच अंथरूण धरून वर्ष होत आलं, आणि भिंगरीचं फिरणं तेवढं वाढलं आहे.

ती इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला आहे. उजाडायच्या आत घर सोडते. ओल्या चादरी यंत्रातून ओढायच्या, इस्त्रीखालून काढायच्या, घड्या घालायच्या. परत येते तेव्हा अंगाला साबणाचा वास असतो आणि पोटऱ्यांचे गोळे झालेले असतात. त्यानंतर मुलं शाळेतून येईपर्यंत जो वेळ मिळतो, त्यात ती नाचाचा सराव करते. लहानपणी अर्धवट सुटलेला नाच तिनं लग्नानंतर, दोन मुलांनंतर पुन्हा धरला आहे. "दिवसभर ज्या चादरी धुते त्यांवर कोण निजलं होतं ते मला ठाऊक नसतं," एकदा म्हणाली. "एवढी एक गोष्ट माझी आहे, वहिनी."

अडचण अशी, की गोळी घेऊन सासूबाईंचा डोळा लागतो तो नेमका त्याच वेळी. स्वयंपाकघर आणि त्यांची खोली यांच्यामध्ये एक पातळ भिंत. रात्रभर कण्हणाऱ्या माणसाची तेवढीच झोप, ती कोण मोडणार? म्हणून भिंगरी ओट्यासमोर अनवाणी उभी राहते आणि कापसावर ठेवावा तसा पाय ठेवते. मी शेजारी भाजी चिरत नामस्मरण करत असते. तिचे हात फिरतात, मान फिरते, पावलं झपाझप पडतात, आणि आवाज येतो तो फक्त माझ्या सुरीचा. देवानं हिला हलकं पाऊल दिलंय, असं मी येईल त्याला सांगायची.

हा नाच पाऊल आपटून करायचा असतो, हे मला तिच्या वर्गात गेले तेव्हा कळलं. कार्यक्रम जवळ आला होता. सगळ्याजणी एका रांगेत. पाय एकदम पडले की लाकडी जमीन दणाणायची. शिकवणाऱ्या बाईंनी मध्येच थांबवलं आणि भिंगरीला एकटीला नाचायला लावलं. हात सुरेख, नजर सुरेख, पायाखाली चिडीचूप.

"अगं, तू नाचतेस की कुणाच्या घरात चोरून शिरतेस?" बाई म्हणाल्या.

बाकीच्या हसल्या. तीही हसली. पुन्हा जोर लावून नाचली. पण जमिनीपाशी आला की पाय आपोआप थबकायचा आणि अलगद टेकायचा.

"पुढच्या रविवारी पाय वाजला पाहिजे," बाई म्हणाल्या. "नाहीतर तुझ्या जागी दुसरीला उभं करावं लागेल. मनाला लावून घेऊ नकोस."

वाटेत ती एवढंच बोलली, "मला आपटायचंच असतं, वहिनी. पाय ऐकत नाही."

आठवडा चादरींतच गेला. रविवारी दुपारी मी मनावर घेतलं. मुलांना त्यांच्या बाबांबरोबर बाहेर पिटाळलं आणि सासूबाईंना चाकांच्या खुर्चीत बसवायला गेले.

"तिच्या नाचापायी मला घराबाहेर काढताय," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "शाल दे. आणि तिला सांग, घर पडेस्तोवर नाच."

आम्ही बागेत बसलो. मी जप केला, त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्यांना नावं ठेवली. बऱ्याच वेळानं परतलो, तर घरात शांतता. भिंगरी स्वयंपाकघरात जमिनीवर झोपली होती. ओढणी कमरेला बांधलेली, हात गालाखाली, तोंड थोडं उघडं.

मी खांदा हलवायला वाकले. सासूबाईंनी माझा पदर धरला.

"राहू दे."

"आई, आज शेवटचा दिवस आहे तिचा."

"झोप म्हणजे काय ते मला विचार," त्या म्हणाल्या.

वर्गाच्या वेळेला ती आपणच उठली. घड्याळ पाहिलं, आम्हा दोघींकडे पाहिलं. रागावली नाही. तोंड धुऊन गेली आणि नेहमीपेक्षा लवकर परत आली.

आल्याआल्या ती सासूबाईंची कूस बदलायला माझ्या मदतीला आली.

"काय म्हणाली तुझी बाई?" सासूबाईंनी विचारलं.

"दुसरी उभी केली. मी तिला हात शिकवले. पुढच्या खेपेला बघू म्हणाल्या."

"पुढच्या खेपेला म्हणजे मी गेल्यावर. मग नाच, हवं तेवढं."

"तुम्ही कुठं निघालात, आई? गुडघा दुमडा बघू."

दोघी हसल्या. मी पाठीशी उशी लावत होते, मला हसू आलं नाही. त्यानंतर मी देवापुढे बसले. रोज सासूबाईंना आयुष्य मागते. त्या दिवशी भिंगरीसाठीही काही मागावं म्हणून हात जोडले, पण दोघींसाठी एकदम काय मागायचं ते सुचेना. हात तसेच जोडून बसून राहिले.