आबांनी मागितलेली हार

त्या चैत्रात मी रोज सकाळी उंब्रजच्या स्टँडवर जाऊन उभ्याउभ्या पेपर चाळायचे आणि पेपरवाला रोज म्हणायचा, "ताई, घ्यायचा तर घ्या, घडी मोडू नगा." मला खेळाचं पान हवं असायचं. त्याच्या कोपऱ्यात कधी दोन ओळी असायच्या, कधी तेवढ्याही नाही. हॉलंड जिंकलं, डेन्मार्कचा डाव गडगडला. मला हवं ते नाव त्यात कधीच नसायचं. घडी मोडलेला पेपर मग घ्यावाच लागायचा. घरी नेला की आबा पहिलं पान वाचायचे आणि खेळाचं पान न उघडता पेपर कोनाड्यात टाकायचे.

क्रिकेटची स्पर्धा मलेशियात चालली होती. ज्यांना विश्वचषकात थेट जागा मिळत नाही अशा उमेदवार देशांची. पहिल्या तिघांनाच पुढची वाट मोकळी. आपला देश त्यात नव्हता, त्यामुळे आपल्याकडं कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. आमच्या घराला मात्र होतं, कारण माझा थोरला भाऊ त्यातल्या एका संघात होता. आखातातल्या एका छोट्या देशात तो बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर होता, शुक्रवारी कंपनीच्या टीमकडून खेळायचा, आणि बरीच वर्षं तिथं राहिला म्हणून त्या देशाच्या संघात निवडला गेला. देशाचं नाव मी लिहीत नाही. आबांसमोर ते घेतलेलं खपायचं नाही, आणि ती सवय अजून गेलेली नाही.

आबा म्हणजे आमचे वडील. फौजेतून हवालदार होऊन परतलेले. त्यांच्या लेखी कपडे दोनच प्रकारचे, साधे आणि वर्दी. वर्दी चढवायची तर आधी शपथ घ्यावी लागते, आणि शपथ घेतली की मागं फिरणं नाही. दिवाळीत दादानं फोनवर हौसेनं सांगितलं, "आबा, टीमचा ब्लेझर मिळाला, खिशावर हितल्या देशाचं चिन्ह हाय." आबांनी रिसीव्हर आईच्या हातात दिला आणि तेव्हापासून त्याच्याशी बोलणं टाकलं. पोरानं कसम परेड केली, म्हणजे परक्या झेंड्यापुढं शपथ घेतली, आणि आपला देश सोडला, असं त्यांनी धरूनच टाकलं. मी पुष्कळ सांगितलं की हा खेळ आहे. "तुला न्हाई कळायचं," ते म्हणाले. "चिन्ह कुणी फुकट देत न्हाई." खरं तर मलाही नक्की माहीत नव्हतं. दादाला विचारायची भीती वाटायची. तो हो म्हणाला तर?

एवढ्यावर निभावलं असतं, पण गावची यात्रा आली. आमच्या सासनकाठीला, म्हणजे देवाच्या त्या उंच कळकाला, चार दोऱ्या असतात, चार घरांच्या. काठी नाचवताना कलली की दोरीवाल्यांनी सावरायची. आमच्या घरची दोरी दादाची. तो नसला की चुलतभाऊ धरायचा, पण दादाची म्हणूनच धरायचा. त्या साली चुलता आला आणि सोप्यात बसून म्हणाला, "आबा, तुमचं पोरगं तर तिकडचं झालं. दोरी आमच्या पोराकडं कायमची लावून टाका. दरसाल इचारायला नगं." आबा म्हणाले, "पालखीच्या दिवशी सांगतो."

दोरी ज्याची, गाव त्याचं, असं आमच्याकडं आहे. दोरी गेली असती तर दादा सुट्टीला आला असता तो पाहुणा म्हणून. आईचं जेवणावरचं मन उडालं. मी सांगलीला शाळेत शिकवत होते. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तसाच ठेवून, नवऱ्याची कुरकुर ऐकून न ऐकल्यासारखी करून, आधीच माहेरी आले होते. येऊन केलं काय, तर सोप्यातून परड्यात आणि परड्यातून सोप्यात येरझारा. आई म्हणाली, "बस की गं जरा एका जागी, तुझ्यानं माझंबी डोस्कं फिराय लागलंय." बसले, आणि लगेच उठले.

दादा डावखुरा फिरकी टाकायचा. आमच्याकडं सामने काथ्याच्या मॅटवर होत. आदल्या संध्याकाळी मॅट अंथरायची, पाणी मारायचं, कडेनं खिळे ठोकून ताणायची. हे काम दादा दुसऱ्या कुणाला करू द्यायचा नाही. मॅट सैल राहिली तर चेंडू हात देत नाही म्हणायचा. ती ताणलेली असली की भल्याभल्यांची दांडी गुल. मलेशियातही गवतावर नाही, अंथरलेल्या खेळपट्टीवर खेळायचं होतं. "म्हणून तर मला घेतलाय," तो दिवाळीत म्हणाला होता. आबा त्याचे सामने बघायला कधी गेले नाहीत, पण ते खिळे त्यांनीच लोहाराकडून घडवून आणले होते.

नैवेद्याच्या दिवशी आम्ही देवळात गेलो. आबा एरवी घंटा वाजवून, हात जोडून लगेच मागं फिरणारे. त्या दिवशी डोळे मिटून बराच वेळ उभे राहिले. वाटेत आईनं विचारलं, "काय मागितलंसा एवढं?"

"हरूदे म्हनलं. त्याची टीम हरूदे. जिंकली तर विश्वचषकात जातील, आन मग उद्या आपल्याच इरुद्ध उभा ऱ्हाईल त्यो."

आई रस्त्यातच थांबली. "आवं, तुमी काँगोत युनोची निळी टोपी घालून गेला व्हता. तवा तुमी कुणाचं झाला व्हता?"

"ती आपल्या सरकारनं घातली व्हती."

"त्यो पोटापायी गेलाय. हौस बी तिथंच भागवणार की."

घरी आल्यावर आईनं त्यांना पोळी वाढली, आणि तूप वाढलं नाही. पुरणपोळीला तूप नाही, म्हणजे आमच्या घरात ते युद्धच. आबांनी कोरडी पोळी खाल्ली. मला आबांचा असा राग आला होता की मी पानावरून उठून परड्यात गेले आणि गोठ्याच्या मेढीला लाथ मारली. अंगठा सुजला.

दादानं कळवलं होतं की पालखीच्या दिवशी सकाळी हायवेवरच्या एसटीडी बूथवर फोन करतो, तोवर त्यांचं काय ते ठरलेलं असेल. आई आणि मी निघालो. चुलतभाऊही आला, त्याला वेगळीच काळजी. आबा म्हणाले, मी येणार नाही. मग तंबाखू संपली म्हणून आमच्या मागं चालत आले. तंबाखूचं दुकान अलीकडंच होतं, ते त्यांनी ओलांडलं.

फोन आला. आई आधी बोलली, म्हणजे रडली. मग मी घेतला. परदेशातून बोलताना दादा ओरडायचाच, त्याचं सगळं बूथभर ऐकू येई.

"हरलो गं. संपलं आमचं."

मी आबांकडं पाहिलं. देवानं त्यांचं ऐकलं होतं. ते हायवेवरचे ट्रक बघत होते.

"तुला किती विकेट?" मी विचारलं.

तो म्हणाला, "मला खेळवलंच न्हाई. एकबी मॅच न्हाई. पाणी नेलं, टॉवेल नेलं. वर्षाची रजा त्यातच गेली."

आबा बूथमध्ये घुसले आणि माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. दिवाळीनंतर पहिल्यांदा.

"का बसवला तुला?"

"आबा?"

"मॅटवर तुझ्यासारखा डावरा त्यांच्याकडं हाय का दुसरा? इचारायचं न्हाई व्हय? शपथ घिऊन गेलायस त्यांच्याकडं, आन पाणी वाहायला लावत्यात?"

"कसली शपथ?" दादा ओरडला. "आबा, हितं कसली शपथ? पासपोर्ट आपलाच हाय. ह्यो खेळ हाय."

आबांनी रिसीव्हर कानापासून जरा लांब धरला आणि त्याच्याकडं बघितलं. मग पुन्हा कानाला लावून म्हणाले, "पुढची रजा राखून ठेव. यात्रंला यायचं." आणि फोन माझ्याकडं दिला.

चुलतभाऊ दारातच होता. "आबा, मग सांजच्याला दोरी..."

"धर," आबा म्हणाले. "यंदापुरती धर."

आई हसत आणि डोळे पुसत पुढं निघाली, तिला आता स्वयंपाकाची घाई झाली होती. मी सुजल्या अंगठ्यानं लंगडत आबांच्या बरोबर चालत होते. मला वाटलं, सुटलो एकदाचे. पण आबांचं काही खरं नव्हतं. तारळीच्या पुलावर ते थांबले, टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली.

"म्या हरूदे म्हनलं व्हतं," ते म्हणाले. "पोराला बसवूदे म्हनलं न्हवतं."

मी म्हटलं, "आबा, देव टीम निवडत नसतो."

त्यांनी ऐकलंच नाही. खालचं आटलेलं पाणी बघत राहिले. आपल्या मागण्यानंच पोराची संधी गेली असं त्यांच्या मनानं घेतलं होतं, आणि ते काढणारी मी कोण. थोड्या वेळानं टोपी नीट बसवून म्हणाले, "त्येला ह्यातलं कायबी सांगू नगंस."