मेण लावलेला मोर

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. कागदाला मेण लावायची युक्ती माझी. वय अकरा.

अमडापुरात माझा बा लग्नाच्या मांडवांसाठी कागदाचे मोर करायचा. एकेक पीस कातरायचा, दुमडायचा, चिंचोक्याच्या खळीनं चिकटवायचा. पण आमच्या वस्तीतून आलेली वस्तू पाणी शिंपडल्याशिवाय पाटलांच्या मांडवात जात नसे. टोपली असो, दोर असो. कागदालाही सूट नव्हती.

त्या दिवशी पाटलीणबाईंनी तांब्या उचलला. बानं हात जोडले. "बाई, कागद हाय."

"मंग? तुह्या कागदाले विटाळ नसते का?"

पाणी पडलं. मोराची मान लवली. निळा रंग बाच्या पायांवर ओघळला. मांडवातलं कुणीतरी ओरडलं, "मोराची कोंबडी झाली बे!" सगळे हसले. बासुद्धा हसला.

घरी येऊन त्यानं कातर फळीवर ठेवली. "आता नाही जात मी. कोनाच्याच मांडवात नाही."

तेव्हा मी गप्प बसायला हवं होतं. मी विहारात गेलो. वंदनेनंतर उरलेले मेणबत्त्यांचे तुकडे आणले, वितळवले, ते मेण एका पिसावर फिरवलं. वर पाणी टाकून दाखवलं.

"पाह्य ना बा, आता पाणी लागतच नाही."

त्यानं पिसावरून बोट फिरवलं. "हाव. लागत नाही."

पुढच्या लगीनसराईला तो गेला. मरेपर्यंत जात राहिला. पाणी पडतच राहिलं. भिजला नाही तो फक्त मोर.

आज मी पुण्यातल्या प्रकाशकांसाठी कागदाची शिल्पं करतो. त्या शिल्पांचे फोटो मुलांच्या पुस्तकांत चित्रं म्हणून छापतात. मेणाच्या चमकेचं फार कौतुक. कुठं शिकलात, विचारतात. "माझी स्वतःची पद्धत," मी सांगतो. खोटं नाही, तेच वाईट. मेण वितळायला लागलं की त्या वासात बा हसतो. तसाच. पाय निळे.

परवा संपादकबाईंचा फोन आला. "गावाकडचं लग्न करा ना. दारात गुलाबपाणी शिंपडणाऱ्या काकू, वर तुमचा मोर. थेंब काय चमकतील!"

"नाही करणार."

वीस वर्षांत पहिल्यांदा.

"अहो, का?"

"माझ्या बाच्या मोरावर पाणी टाकायचे. शुद्ध करायला."

 मी सावरून घेतलं नाही.

आता मेण नाही. पुढचा मोर कोऱ्या कागदाचा करीन, त्यावर माझ्या हातानं पाणी ओतीन आणि लवलेल्या मानेसकट छापायला देईन. छापला नाही, तर मी त्यांना दुसरं काम करून देणार नाही.

बानं आयुष्यात एकदाच नकार दिला होता. तो मी मोडला. तो नकार मी त्याला देणं लागतो.