क्लास थ्रीचा उजेड

सरकारी नोकरीत मी एकदाच उजेड पाडला, आणि तो लाल होता.

विद्यापीठाचं नामांतर व्हायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मी परभणीला कृषी खात्यात होतो आणि गावोगाव फिरून शेतकऱ्यांना बोंडअळीच्या स्लाइड दाखवायचो. शाळेच्या भिंतीवर पांढरं धोतर ताणायचं, प्रोजेक्टर लावायचा आणि तुराटीनं अळी दाखवायची, असा सगळा खाक्या. पण तुराटी आखूड आणि माझा देह रुंद! अळी दाखवायला पुढं सरकलो की अख्ख्या कपाशीवर माझी सावली पडायची. मागून कुणीतरी हमखास ओरडायचं, “सायब, अळी कुटंय? आमाला तर तुमीच दिसायलात!”

तशात कळलं की झरी गावातल्या कार्यक्रमाला जिल्ह्याचे मोठे साहेब येणार. अकरा वर्षं मी क्लास थ्रीमध्ये बसून होतो आणि क्लास टूच्या बढतीची माझी फाईल साहेबांच्याच टेबलावर होती. या वेळी सावली पडून चालणार नव्हतं.

नेमका त्याच आठवड्यात माझा मेव्हणा शिवा दुबईहून आला. त्यानं दोन पेनं आणली होती. बटण दाबलं की लिहिण्याऐवजी लांब कुठंतरी लाल ठिपका पडायचा. “भाऊजी, ह्येला लेसर म्हंतेत. लांबून अळी दावा. दोन्हींतलं कुठलंबी घ्या,” असं म्हणून तो जेवायला बसला.

त्या दिवशी आमच्या घरात दुसरं काही कामच झालं नाही. ठिपका कुठवर जातो? भिंतीच्या पार जातो का? पाण्यात विझतो का? (विझत नाही. बादलीत घालून पाहिलं.) आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो गल्लीपलीकडे कासारकाकूंच्या गच्चीवर पाडला. काकू सांडगे वाळत घालत होत्या. सांडग्यावरचा लाल किडा झटकला तर तो त्यांच्या हातावर आला, हातावरचा झटकला तर पदरावर! शेवटी काकू सांडगे तिथंच टाकून खाली पळाल्या, आणि आप्पा वयाच्या सत्तराव्या वर्षी पोट धरून हसले.

शहाणी फक्त माझी बायको सुमन. तिनं चष्मा लावून पेनांवरची चिठ्ठी वाचली.

“अहो, ह्या दोन्हीवर डोळ्यात घालू नका म्हणून लिवलंय. त्यात एकावर नुसतं ‘जपून’ हाय, दुसऱ्यावर चक्क ‘डेंजर’!”

“डेंजर तर डीपीवरबी लिवलेलं असतंय,” आप्पा म्हणाले. “म्हणून काय आपण लाईट वापरत न्हाई?”

“आणि एकावर क्लास टू लिवलंय, एकावर क्लास थ्री.”

झालं! आप्पा ताठ बसले. ते तहसिलीतून पेशकार म्हणून निवृत्त झालेले. निजामाचा अंमल जाऊन जमाना लोटला, तरी त्यांच्या लेखी जगातल्या प्रत्येक चिजेला हुद्दा होता. आंब्यालासुद्धा!

“मंग सवालच मिटला की! सायब क्लास वन, तू क्लास थ्री, चहा आणणारा सखाराम क्लास फोर. तुझ्या दर्जाचं पेन तूच वापरायचं. सायबांसमोर क्लास टूचं पेन काढलंस तर काय म्हणतील? बढतीआधीच खुर्चीत बसला!”

“पण जिंतूरला माझा मावसभाऊ फिजिक्स शिकवतोय, त्याला विचारू की,” सुमन म्हणाली.

“हुद्द्याच्या बाबतीत फिजिक्स कशाला मधी?”

मी शेतकी पदवीधर. विज्ञानाचा माणूस. तरी मला आप्पांचंच पटलं! क्लास टूचं पेन बढती मिळेपर्यंत देव्हाऱ्यात ठेवलं. आप्पा रोज लिंगपूजा झाली की त्यालाही विभूती लावू लागले.

झरीच्या शाळेत भर दुपारी खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला. साहेब पहिल्या रांगेत, शेजारी सरपंच. मी मागून रुबाबात बटण दाबलं. कपाशीच्या पानावर लाल ठिपका उमटला.

“लाल्या पडला!” एक म्हातारा कळवळून ओरडला.

“लाल्या रोग नाही हो, उजेड आहे,” मी म्हणालो. सगळे हसले, साहेबही हसले. त्या हसण्यात मला माझी ऑर्डर टाइप होताना दिसली, आणि मी साहेबांकडं वळलो! ठिपका धोतरावरून घसरून शेजारच्या बक्षिसाच्या ढालींच्या कपाटावर गेला आणि काचेवरून उलटून थेट साहेबांच्या डोळ्यात.

“आई गं! काय आहे हे?”

मी घाबरून पुढं धावलो. साहेबांपुढं उभा राहून हात जोडले. “माफ करा साहेब!”

जोडलेल्या हातांत पेन होतं. चालूच. साहेबांनी डोळे चोळत मान उजवीकडं वळवली, मी हात जोडून उजवीकडं गेलो. त्यांनी डावीकडं वळवली, मी डावीकडं. जितकी कळकळ, तितका नेम अचूक!

“हात खाली घ्या!” साहेब सरपंचांच्या पाठीमागून ओरडले.

“नाही साहेब, आधी माफ करा!”

शेवटी सोबत आलेल्या सखारामनं माझ्या हातातून पेन हिसकावलं. “सायब, आधी दिवा इजवा, मंग पाया पडा!”

परभणीला डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोळ्यांना काही झालेलं नाही, दोन दिवस पाणी येईल. मग त्यांनी पेनावरची चिठ्ठी वाचली.

“क्लास थ्री? सभेत कुणी वापरतं का? लेसरचं उलट असतं. क्लास वन निरुपद्रवी. आकडा चढेल तसा धोका वाढतो.”

“आणि क्लास फोर?” सखारामनं हळूच विचारलं.

“तो सरळ जाळतो.”

सखारामनं तिथंच टोपी नीट केली. दुसऱ्या दिवसापासून साहेबांचा चहासुद्धा तो त्याच्या सवडीनं आणू लागला. आप्पांनी मात्र ऐकून दोन वेळ जेवण केलं नाही. “खालच्याच्या हातात जास्त पावर? ही कसली सरिश्तेदारी!”

साहेबांनी मला बोलावलं. मी सवयीनं हात जोडायला गेलो, तर त्यांनी झटकन फाईल चेहऱ्यासमोर धरली. माझीच होती ती. “तुम्ही सध्या आहात तिथंच राहा,” ते फाईलमागून म्हणाले, “आणि यापुढं हात जोडू नका.”

सुमनला कसं सांगावं या विचारानं मी त्या दिवशी घरी चालत आलो. फार वाईट वाटलं होतं.

पुढं सहा वर्षांनी, साहेब बदलल्यावर, क्लास टूची ऑर्डर आली. आप्पांनी पेढे ठेवले, देव्हाऱ्यातलं पेन काढलं, विभूती पुसली आणि माझ्या खिशाला लावलं. आख्खं घर भिंतीकडं बघत उभं राहिलं. मी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. आतले सेल केव्हाच गंजले होते.

सुमननं पेढा माझ्या हातावर ठेवला.

“आता कुणाच्या डोळ्याला भ्या न्हाई,” ती म्हणाली. “तुमीबी क्लास टू, ह्येबी क्लास टू. दोघांचाबी उजेड पडत न्हाई!”