राबाचा भुगा

मी सत्तावीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं, त्यामुळे यंत्राबरोबर आलेली माहितीपुस्तिका मी वाचली नाही.

यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. पहिलंच वाक्य होतं, ‘वापरकर्त्याने स्वतःस फिरत्या भागात प्रविष्ट करू नये.’ (कोण करतं हो स्वतःला प्रविष्ट?) मी ती मिटली आणि माळ्यावर फेकली.

यंत्र होतं फांद्यांचा भुगा करणारं. वरून फांदी घालायची, आत पाती गरगर फिरतात, बाजूच्या नळकांड्यातून भुगा बाहेर. निवृत्तीनंतर महाडच्या घरात मुकाट बसलो असतो तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण कशेडी घाटाच्या पायथ्याशी आमचं गाव, आणि तिथे माझा थोरला भाऊ, दादा, भात पिकवतो. दर उन्हाळ्यात तो फांद्या तोडून शेतात पसरतो, पेटवून देतो आणि भाजलेल्या जागेत भाताची रोपं करतो. हा राब. त्या धुराचा मला वर्षानुवर्षं संताप यायचा.

“दादा, सोनं जाळतोस तू! याचा भुगा कर, आंब्यांच्या बुंध्याशी घाल. खत होईल, खत!”

“राब नाय भाजला तं रोपाला तण खाईल, बाळू.”

“अरे, विज्ञान काय सांगतं...”

“बरं,” दादा म्हणाला. विज्ञान सुरू झालं की दादा बरं म्हणतो.

अशा रीतीने त्या वर्षीचा फांद्यांचा अख्खा ढीग माझ्या ताब्यात आला आणि टेम्पोतून यंत्र अंगणात उतरलं. गावातले बाकीचे राब भाजून मोकळे झाले होते. फक्त आमचा ढीग घराएवढा उभा होता. वहिनी येता-जाता त्याच्याकडे बघायच्या, मग आभाळाकडे बघायच्या, मग माझ्याकडे. हे जास्त वाईट!

पहिले दोन दिवस यंत्र सुरूच झालं नाही. मी दोरी ओढत होतो. डाव्या हाताने ओढली, उजव्या हाताने ओढली, पाय लावून ओढली. खांदा निखळायची वेळ आली तेव्हा विक्रेत्याला फोन लावला.

“सर, इंजिनात ऑइल भरलंत का?” पलीकडून एक गोड आवाज.

“म्हणजे तुम्ही इंजिन ऑइलशिवाय विकता? उद्या बैल विकाल आणि म्हणाल, रक्त तुम्ही भरा!”

“पुस्तिकेत पान तीनवर दिलंय, सर.”

मी फोन ठेवला. ऑइल आणलं, भरलं, दोरी ओढली. तरीही ढिम्म! पुन्हा फोन. आता म्हणे वरच्या झाकणाचा बोल्ट पक्का आवळला नसेल तर सुरक्षेसाठी इंजिन चालूच होत नाही. पान चार.

“मला सुरक्षा नकोय, भुगा हवाय!” मी ओरडलो. पण बोल्ट आवळला. आणि यंत्र असं काही गरजलं की पलीकडच्या वाडीतली कुत्रीसुद्धा उत्तर द्यायला लागली.

तो एक दिवस सुखाचा गेला. नळकांड्यातून पांढरा, सुवासिक भुगा उडत होता आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्याला धुराचे तोटे सांगत होतो. संध्याकाळी माझ्याच हाताने, एका फांदीबरोबर कुंपणाची तार आत गेली. खण्ण!! यंत्र थांबलं. (फांदीला तार आहे हे फांदीने सांगायला नको?)

पाती बोथट झाली होती. ती मीच काढली, पाणी मारत मारत दगडावर स्वतः घासली, स्वतः परत बसवली. दादा शेजारी उभा होता.

“कुठली बाजू वर होती, खूण केलीस का रे?”

“दादा, पातं म्हणजे पातं. दोन्ही बाजूंनी सारखंच असतं.”

“बरं,” दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून यंत्राने भुगा देणं बंद केलं. फांदी आत ओढायचंच नाही. मी जोर लावून ढकलली की थरथरायचं, काळा धूर ओकायचं आणि नळकांड्यातून सालीचे लांबलचक दोर बाहेर सोडायचं. मग नळकांडं चोंदायचं. इंजिन गुदमरून बंद पडलं की मी नळकांडं फिरवायचो, आत डोकावायचो, काठीने दोर ओढून काढायचो. चार दिवस हेच!

“भावजी, गुरं बांधायला दोर बरा हाय,” वहिनी म्हणाल्या, “पन इतका नको.”

मी खवळलो. आधी पेट्रोलला दोष दिला, मग लाकडाच्या ओलेपणाला, मग दादाला, कारण त्याने फांद्या फार आडदांड तोडल्या होत्या. शेवटी मी विक्रेत्याला फोनवर असा काही झाडला, की त्याने दुसऱ्या दिवशी सकाळीच मेकॅनिक पाठवायचं कबूल केलं. मी लगेच शेजारीपाजारी सांगून टाकलं, “उद्या सगळ्यांनी या. कंपनी ग्राहकाला कसं फसवते ते तुमच्यासमोर सिद्ध करतो!” विज्ञानात प्रयोगाला साक्षीदार लागतात.

सकाळी अंगणात वीस-पंचवीस माणसं जमली. स्कूटरवरून एक तिशीची बाई उतरली, पाठीला हत्यारांची पिशवी.

“मेकॅनिक कुठाय?” मी विचारलं.

“मीच. आणि सर, ओळखलं नाहीत का? मी रेश्मा. आठवी ब, शेवटचा बाक.”

झालं! माझीच विद्यार्थिनी! मी छाती काढून गावाकडे बघितलं आणि तिला कंपनीची सगळी पापं सांगितली. तिने शांतपणे ऐकलं, आधी प्लगची टोपी काढून ठेवली, झाकण उघडलं, आत टॉर्च मारला आणि पाती निरखून पाहिली.

“सर, पाती उलटी बसलीत. धारेचा उतार वर आलाय. मग कापणार कसं? नुसतं सोलतंय.”

“बघा!” मी गावाकडे वळून गर्जलो. “कंपनीतूनच उलटी बसवून पाठवली! हा बेजबाबदारपणा! हा...”

“नाय ओ ताई,” दादा म्हणाला. दादा खोटं बोलत नाही, हा त्याच्यातला मोठा दोष. “यानंच काढलेली, धार लावाया. मी बोललो पन होतो, खूण कर.”

वीस-पंचवीस माणसं एकाच वेळी खोकली.

रेश्मा हसली नाही. (तेच जास्त लागलं.) तिने पाती सोडवली, फिरवली, बसवली, समोरच्या स्थिर पात्यापासूनचं अंतर मोजलं, सैल पट्टा ताणला. “सर, आता घाला फांदी.”

मी दात-ओठ खात सगळ्यात जाड फांदी घातली. यंत्राने ती घटाघटा गिळली आणि काय तो भुगा! धबधबा! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात उंचावून त्या स्वीकारत होतो, तेवढ्यात वहिनींची किंकाळी आली.

“अगो बाय! माझ्या कुरडया!”

चार दिवस डोकावून डोकावून मी नळकांडं नेमकं पडवीसमोरच्या खाटेकडे वळवून ठेवलं होतं. खाटेवर पांढऱ्या लुगड्यावर वर्षभराच्या कुरडया, ओल्याकच्च. आता कुरडई कुठली आणि भुगा कुठला हे विज्ञानालाही सांगता आलं नसतं. आणि इंजिन बंद करायचं बटण कुठे असतं, ते पुस्तिकेत होतं! शेवटी रेश्मानेच ते दाबलं.

मी शरमेने म्हणालो, “वहिनी, कुरडयांचं नुकसान मी भरून देईन. पण राबाचं काय? पाऊस तोंडावर आला. माझ्यापायी तुमची रोपं...”

“राबाचं काय होतंय?” वहिनी लुगडं झटकत म्हणाल्या. “निम्म्या फांद्या मी पैल्याच दिवशी वरच्या शेतात नेऊन टाकल्यात. परवा भाजला पन.”

“म्हणजे? तुमचा माझ्यावर विश्वास नव्हता?”

“बरं,” दादा म्हणाला.

आता मात्र माझा राग अनावर झाला. घरचेच असे! पण रागवायचं कोणावर, तेच कळेना. तेवढ्यात रेश्माने दुरुस्तीचा कागद काढला आणि पडवीच्या पायरीवर बसून भरायला घेतला. तक्रार, तपासणी, सगळं झरझर लिहिलं आणि एका रकान्यापाशी थांबली.

“सर, इथे ‘बदलायचा भाग’ असं विचारलंय. तसं बदलण्यासारखं काही नाही. काय लिहू?”

माझ्या आधी वहिनी म्हणाल्या, “आमचे भावजी लिव.”

रेश्माने पेन वर धरलं, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं, आणि अतिशय आदराने म्हणाली,

“लिहिलं असतं, वहिनी. पण सर वॉरंटीत बसत नाहीत.”

मी खाली सही केली. तीसुद्धा चुकीच्या रकान्यात!