सुवर्णाची सीट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला मी, खोटं वाटेल तुम्हाला, भिशीत बुडवलेले पैसेसुद्धा सांगितलेत. हे मात्र ओठांपर्यंत येतं आणि मी विषय बदलतो. आज बदलत नाही. बसा जरा.

मी हिंजवडीत नोकरी करतो. पगार बरा आहे, लोक मला सज्जन समजतात. समजू देत बापडे.

आमचं घर येरवड्याला, बौद्ध वस्तीत. बाबा सरकारी ऑफिसात कारकून, पण नियम सगळे तोंडपाठ. मला वाघोलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा तिथल्या ऑफिसने पूर्ण फी मागितली. बाबांनी पिशवीतून सरकारी आदेश काढला — आमच्यासारख्या मुलांची फी सरकार भरतं, ती मुलाकडून आधी घ्यायची नाही. तासभर हुज्जत घातली त्यांनी. माझा प्रवेश एक रुपया न भरता झाला. अभिमान वाटायला हवा होता, नाही का? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कारण — आता आडपडदा कशाला — माझं आडनाव असं आहे की ते कुठल्याही जातीत खपून जातं. पहिल्याच आठवड्यात माझा छान ग्रुप जमला. कँटीनमध्ये त्यातला एकजण स्कॉलरशिपवाल्यांना ‘सरकारचे जावई’ म्हणायचा आणि सगळे खिदळायचे. मीही. जरा जास्तच मोठ्याने.

सुवर्णा आमच्याच वर्गात. इंदापूरकडची, वडील गवंडीकाम करायचे. आमची ओळख मात्र कॉलेज सुरू होण्याआधीची, माझा प्रवेश नुकताच झाला होता तेव्हाची. जातीचा दाखला तपासून घ्यायच्या रांगेत तिचे वडील बाबांना खणखणीत ‘जयभीम साहेब’ म्हणाले, मग दोघं चहाला गेले, आणि रांगेत उभ्या उभ्या मी तिला तो फीचा नियम समजावून सांगितला, बाबांनी घातलेल्या हुज्जतीसकट. चांगली फुशारकी मारत. कॉलेजात ती समोरून आली की मी मोबाईल बघत बसायचो. तिच्या ते ध्यानात आलं असणार. तिने मला चारचौघांत कधी हाक मारली नाही.

तिच्याकडेही कॉलेजने पूर्ण फी मागितली. आधी भरा, सरकारचे आले की परत करू. गवंड्याने कुठून भरायची हो? तिने तो नियम सांगितला — मीच शिकवलेला — तर ऑफिसातले म्हणाले, असा प्रवेश कुणाला दिलाय आम्ही? नाव सांग. तिने नाव सांगितलं नाही. आधी मला विचारायला आली, जिन्यात, आजूबाजूला कुणी नाही असं बघून. “तू सरांपुढं निस्तं होय म्हण. केबिनमदी आपण तिघंच असू, बाकी कुणाला कळायचं नाय. न्हाईतर माझी सीट जाती रे.”

मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो — निदान मला तरी तसं वाटतं.

दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेलो तर आमच्या ग्रुपमधले दोघं तिथे उभे. गॅदरिंगच्या परवानगीवर प्राचार्यांची सही घ्यायला आलेले. प्राचार्यांनी मान वर न करता विचारलं, “ही म्हणते तुझी फी घेतलेली नाही. सरकारी सवलतीत आहेस का तू?” ऑफिसला एक फोन लावला असता तरी त्यांना कळलं असतं. पण त्यांना जाणून घ्यायचंच नव्हतं, आणि ते मला तेव्हाही समजत होतं. समजून मी काय केलं?

मित्र माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, “नाही सर. आम्ही पूर्ण फी भरलीय.”

सुवर्णाने मला तिथल्या तिथे खोटं पाडायला हवं होतं. माझ्या बाबांनी कसं भांडण केलं, हे तिला सगळं ठाऊक होतं. सांगितलं असतं तर माझं बिंग फुटलं असतं आणि तिची सीट कदाचित वाचली असती. ती म्हणाली, “माझीच चूक झाली सर. मी दुसऱ्या कुणाचं तरी ऐकलं होतं.” आणि बाहेर गेली. का वाचवलं असेल तिने मला? मी का लपवतोय, हे तिच्याइतकं त्या खोलीत दुसऱ्या कुणाला कळणार होतं?

नंतर मित्राने विचारलं, कोण रे ही? मी म्हणालो, काय माहीत!

आठवडाभरात तिचे वडील तिची कागदपत्रं न्यायला आले. त्यांना बघून मी वर्कशॉपच्या मागे जाऊन उभा राहिलो, ते गेटबाहेर पडेपर्यंत. पुढे तिचं लग्न झालं एवढं उडत उडत ऐकलं. शिकली का, काय करते — मी चौकशीच केली नाही. माझी मात्र चारही वर्षं फी सरकारने भरली.

पण एवढंच असतं तर कदाचित मी हे कधीतरी बायकोला सांगूनही टाकलं असतं.

केबिनमध्ये खोटं बोललो त्याच संध्याकाळी बाबांनी जेवताना विचारलं, त्या गवंड्याच्या मुलीच्या फीचं काय झालं रे? त्यांना सगळं सांगितलं असतं तर ते सकाळी सुट्टी टाकून कॉलेजात जाऊन बसले असते. तसा माणूस आहे तो. अजून वेळ गेलेली नव्हती. आणि मी म्हणालो, “झालं तिचं काम. मी सरांना सांगितलं, माझीही फी घेतलेली नाही.” बाबा जेवायचे थांबले. माझ्या पाठीवर हात ठेवला त्यांनी.

आता ते रिटायर झालेत. बारावीचे निकाल लागले की वस्तीतल्या विहारात पोरांना जमवतात, स्कॉलरशिपचे अर्ज कसे भरायचे ते शिकवतात. आणि दर वर्षी सांगतात — हक्काचं मागताना लाजायचं नाही. आमच्या पोराने भर केबिनमध्ये स्वतःचं नाव पुढे केलं आणि एका मुलीची सीट वाचवली.

परवाच्या रविवारीही सांगितलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाबा माझ्याकडे बघत होते, डोळे भरून आले होते त्यांचे. मी उठलो आणि सगळ्यांना हात जोडले.