मंगलच्या हाताचं माप

दिंद्रुडात मंगलच्या ओसरीवर वाकळ शिवायला चौघी बसायच्या. चार कोपऱ्यांना चौघी, जवळ पानाचा डबा, आणि तोंडं सुईपेक्षा जोरात. मंगल शेतकऱ्याच्या घरची. बबिता मेंढरंवाल्याच्या घरची, ताडमाड उंच. छबुबाई वयानं थोरली, उंचीनं धाकटी. आणि तेजश्री कॉलेज शिकलेली, पण सुई धरायला छबुबाईकडंच शिकलेली. कुणाच्या घरी लेकरू जन्मलं की चौघींची जुनी लुगडी निघायची. जिचं लुगडं तिनंच शिवायचं, ही रीत. चौघींचा हात लागल्याशिवाय वाकळीला ऊब येत नाही, असं मंगल म्हणायची.

मग पांगापांग झाली. छबुबाई लेकाकडं केजला गेली. तेजश्री पुण्याला, खोलीत बसून कंपनीचं काम करू लागली. साहेब तिनं फोनच्या काचेतच पाहिलेला. बबिता नवऱ्याबरोबर मेंढरं घेऊन परळीकडच्या रानात. आणि नेमकी तेव्हाच मंगलची लेक वैष्णवी पहिल्या बाळंतपणाला आली.

मंगलला घोर लागला. सगळ्यांच्या लेकरांना चौघींची वाकळ, आणि माझ्याच नातवंडाला बाजारातलं ब्लँकेट?

तोड तेजश्रीनं काढली. तिनं चौघींना एका फोनवर आणलं.

"काकू, आमच्या हापिसात असंच असतं. एक जण हितं, एक तिथं. समद्यांनी चौथाई चौथाई शिवायची, तुमी जोडायची."

"मांडीला मांडी लावल्याबिगर वाकळ झालीय का कुठं?" मंगल म्हणाली.

"मग लाव फोनला मांडी," छबुबाई म्हणाली.

बबिताच्या मागं मेंढरं अशी बेंबटत होती की तिचा होकार कुणाला ऐकूच आला नाही. मान हलली तेवढी दिसली.

मंगलनं हुकूम सोडला, "दोन हात लांब, दोन हात रुंद. मधला कोपरा उघडा ठिवा. त्यो बारशाला आल्यावर एका जागी बसून शिवू."

वैष्णवीला मुलगी झाली. छबुबाईचा तुकडा एसटीनं आला, तेजश्रीचा कुरिअरनं, बबिताचा बाजाराला निघालेल्या पाहुण्याच्या पिशवीतून. बारशाच्या आदल्या दिवशी मंगलनं चारही तुकडे ओसरीवर मांडले आणि कपाळाला हात लावला. बबिताच्या तुकड्याखाली मेंढी कोकरासकट झोपली असती. छबुबाईचा जेमतेम उशीएवढा. तेजश्रीनं मोबाइलमध्ये हात म्हणजे किती इंच ते शोधून टेपनं मोजलेलं, त्यामुळं तो तुकडा कुणाच्याच हातासारखा नव्हता.

वैष्णवीला हसू आवरेना. "आई, दोन हात म्हणलीस. कुणाचे?"

मंगलनं आपल्याच कोपराकडं पाहिलं. इतकी वर्षं माप तिच्याच कोपराचं. ती हात टेकवायची, बाकीच्या तिथं कापायच्या. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. तिचं कोपर काही फोनमधून गेलं नव्हतं.

तिनं कात्री घेतली. सगळे तुकडे छबुबाईच्या मापाला आणावेत, म्हणजे भांडण मिटलं. पण बबिताच्या हिरव्या लुगड्यावर कात्री ठेवली आणि हात अडला. भर दुपारी मेंढरं बसली की बाभळीखाली शिवलेलं ते. मंगलनं फोन लावला.

"बबिता, जास्तीचं कापू का गं?"

"कावून कापता, आक्का? कातरायची ती मेंढरं, लुगडी न्हाई! बसंल तसं बसू द्या. कमी पडंल तिथं तुमचं ते जांभळं इरकल घाला."

"ते ठिवणीतलं हाय."

"मंग ठिवा जपून. नातीला फटीतनं वारं लागंल, लागू द्या."

मंगलनं फोन ठेवला, बबिताला दोन शिव्या घातल्या आणि पेटी उघडली.

बारशाला तिघी आल्या. मेंढरं नवऱ्यावर सोपवून बबिता जीपनं आली. पाळणा म्हणायला बाया जमायच्या आत चौघी मांडीला मांडी लावून मधला कोपरा शिवायला बसल्या. वाकळ चौकोनी नव्हती, गोलही नव्हती. जांभळ्या पट्ट्या पाटाच्या पाण्यासारख्या वाट फुटेल तिकडं गेलेल्या.

"बबिता, टाके घाल, कोस मोजू नगंस."

"तुमचे टाके तर मुंगीलाबी दिसंनात, छबुबाई."

तेवढ्यात तेजश्रीचा फोन वाजला. "सर, मी मीटिंगमध्येच आहे," असं म्हणून तिनं तो पानाच्या डब्याखाली सारला.

शेवटची गाठ पडली आणि पोरीला वाकळीवर ठेवलं. तिनं एकदा हात-पाय ताणले आणि बरोब्बर जांभळ्या इरकलावर मुतली.

"झालं, पास केली," छबुबाई म्हणाली. मंगलला वाटलं होतं आपल्याला वाईट वाटेल. वाटलं नाही. ती हसतच सुटली.

निघताना तिनं आपल्या हाताएवढे सुतळीचे तीन तुकडे कापले आणि तिघींच्या पिशव्यांत घातले. पुढचं लेकरू कुणाच्याही घरी होवो, माप एक राहील.

बबितानं सुतळी आपल्या कोपराला लावून पाहिली.

"आक्का," ती म्हणाली, "तुमचा हात लई आखूड हाय."